आगिमच्या नातवाची मांडी

आमच्या नाटक मंडळीत मी राजपुत्र व्हायचे. बाईने राजपुत्र व्हायचं ही आमच्याकडची रीतच होती. खरे पुरुष विदूषक व्हायचे, नाहीतर ढोल बडवायचे. राजपुत्र उंच दिसायला हवा, आणि मी तर बुटकी. मला उंच केलं ते आगिमने. ती आमच्या पेट्या सांभाळायची. झगे, मुकुट, दाढ्या, चार बोटं जाड तळाचे बूट, सगळं तिच्या ताब्यात. मंडळीत नवा नट आला की ती त्याला पट्टी लावायची नाही. मागे जाऊन उभी राहायची, पाठीवर एकदा वीत ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी झगा तयार. एकदा आमच्या नायिकेच्या पाठीवर तिने अशीच वीत ठेवली आणि म्हणाली, "तिसरा महिना ना? कंबर सैल ठेवते." नायिकेच्या नवऱ्यालासुद्धा तोवर पत्ता नव्हता.

आमचा शेवटचा खेळ कांगशान या हवाई शाळेच्या गावात झाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात नाट्यगृहाच्या मालकाने रंगमंचावर पांढरा पडदा ताणला आणि सिनेमे लावायला सुरुवात केली. मंडळी पांगली. आम्ही दोघी तिथेच राहिलो. मी मिरची-घेवड्याची आंबवलेली चटणी करणाऱ्या घरात लग्न करून गेले. आगिम आपला नवरा, मंडळीतला विदूषक आफोंग, याला घेऊन विमानतळाच्या भिंतीलगत दोन खोल्यांत राहू लागली, आणि हवाई शाळेच्या शिवणखात्यात वैमानिकांचे सूट शिवू लागली.

तिथे एक डॉक्टर प्येन होते, टक्कल पडलेले, फार कमी बोलणारे. त्यांच्या लक्षात आलं की या बाईकडून परत आलेला सूट कधी बदलून घ्यावा लागत नाही. मापं घेणाऱ्या शिपायाची बदली झाली तेव्हा त्यांनी ते काम हिच्याकडे दिलं. पुढची बावीस वर्षं, त्या शाळेत वैमानिक व्हायला आलेल्या प्रत्येक पोराला आगिमने मोजलं.

"नाटकात झगा माणसावर बेतायचा," ती मला म्हणायची. "इथे उलटंच आहे सगळं. विमान आधीच बेतून आलंय, परदेशातल्या माणसांच्या अंगावर. आता आपल्या पोरांनी त्यात मावायचं."

मापं चार. उभी उंची, बैठी उंची, हाताची पोच आणि मांडी. मांडी म्हणजे पाठ भिंतीला टेकवून बसायचं आणि भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत मोजायचं. प्रत्येक विमानाचा वेगळा कागद. हात आखूड असेल तर पट्टा बांधल्यावर पुढची बटणं हाताला येत नाहीत. बैठी उंची जास्त असेल तर डोकं काचेला लागतं. आणि मांडी लांब असेल तर सगळं ठीक चालतं, जोवर संकट येत नाही. संकटात खुर्ची माणसासकट वर उडते, तेव्हा गुडघे पुढच्या पत्र्याच्या कडेला आपटतात.

पोरं मापाला येताना काय काय करून यायची! पाठीचा कणा रात्रभर आडवं राहिल्याने थोडा लांबतो, हे बुटक्या पोरांना कुठूनतरी कळलेलं असायचं. मग ती आपली पाळी येईपर्यंत उठूनच बसायची नाहीत. एकाला त्याच्या काकाने भाजीच्या हातगाडीवर, कोबीच्या ढिगात आडवं घालून, वर गोधडी पांघरून दारापर्यंत आणलं. आगिमने गाडी पाहिली आणि म्हणाली, "कोबी तिकडे स्वयंपाकघरात. पोरगं इकडे." दुसऱ्याने टाळूवर चिकट भाताचा गोळा बसवून वरून केस विंचरले होते. तिने तो बोटाने काढून त्याच्याच हातात दिला. "घे, भूक लागली असेल."

तिने कोणाला नापास म्हटलं नाही. आकडा मोठ्याने दोनदा उच्चारायचा, कारकुनाने लिहायचा, आणि मग ती पोराकडे वळून म्हणायची, "हे विमान तुला आखूड पडतं बाळा." किंवा, "सैल पडतं." जणू चूक विमानाची.

आता तिच्या घरची गोष्ट. आफोंग माझ्याही खांद्याला यायचा, तेही मी बूट काढल्यावर. लोकांना हसवायला त्याला काही करावंच लागायचं नाही, नुसतं माझ्या शेजारी उभं राहिलं की झालं. त्याची मुलगी त्याच्यावरच गेली. मुलगी आणि जावई काओशुंगच्या कारखान्यात पाळीवर, म्हणून नातू वेनहाव आगिमकडे वाढला. हे पोरगं सहा वर्षांचं असल्यापासून त्या भिंतीवर बसून उतरणारी विमानं मोजायचं. मोठं झाल्यावर काय होणार असं कोणी विचारलं की वर बोट करायचं. तेही कुठल्याही विमानाकडे नाही. एकट्या माणसाचं, टोकदार नाकाचं, कान फाडत जाणारं लढाऊ विमान, फक्त तेच.

आगिम मात्र हिशेब मांडायची. रोज ती बुटक्या पोरांना परत पाठवत होती. आजोबा बुटका, आई बुटकी, मग हे पोरगं कुठून उंच होणार?

आमच्याकडे पोराचा आवाज फुटायला लागला की त्याला मोठं करायचा कोंबडा देतात. कोवळा, अजून कोंबडीच्या वाऱ्याला न गेलेला. वैद्याकडच्या बारा मुळ्या घालून, पाण्याचा थेंबही न टाकता तांदळाच्या दारूत शिजवलेला. तो पोराने एकट्याने, दार लावून, हाडं चोखून संपवायचा. बहुतेक घरांत एक देतात, फार झालं तर तीन.

आगिमने अकरा दिले.

"अगं, पुरे आता," मी सातव्याला म्हटलं होतं. "पोराला पिसं फुटतील."

"फुटू देत. उडायचंच आहे त्याला."

आणि पोरगं वाढलं. असं वाढलं, की गल्लीतले लोक त्याला नावाने हाक मारायचं विसरले, लंबूटांग म्हणू लागले. तो माझ्या दुकानात यायचा तो आधी मान वाकवून, मग 'ईपो' अशी हाक मारून. ईपो म्हणजे आजीची बहीण, आमा म्हणजे आजी. मी सख्खी नसले तरी तेवढा मान मला होता. आगिम त्याला रस्त्यातून येताना पाहायची आणि तिचं तोंड असं खुलायचं, की एखाद्या नटीला तीन वेळा पडदा वर घ्यावा लागल्यावरही खुलणार नाही. आफोंग तोवर गेला होता. ती त्याच्या तसबिरीला सांगायची, "बघितलंस? तुझ्या दुप्पट झालाय."

अठराव्या वर्षी तो हवाई शाळेत गेला. तेव्हा आगिमनेच मोजलं. आडनाव वेगळं, आणि खरं तर सगळ्यांना ठाऊकच होतं. मांडी चौसष्ट सेंटिमीटर. त्या काळच्या कागदावर लढाऊ विमानाची मर्यादा पासष्ट. बसला.

पण हे माप पहिलं. पोरं शिकतात, छोट्या विमानांवर उडतात, आणि मग कोणाला कुठलं विमान द्यायचं ते ठरतं. त्याआधी पुन्हा एकदा मोजतात. डॉक्टर म्हणतात, त्या वयात पोरं वाढायची थांबतात. पण कोंबड्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

नव्या वर्षाच्या सुट्टीला वेनहाव घरी आला होता. तिसऱ्या दिवशी आगिम माझ्या दुकानात आली आणि बरण्यांमागच्या स्टुलावर बसून राहिली. ती मला मंडळीतल्या नावानेच हाक मारायची.

"राजपुत्रा, त्याची विजार दोन बोटं वर गेलीय."

"धुऊन आटली असेल."

"मी शिवलेली आहे. आटत नाही."

"मग?"

"पोरगं वाढलंय. आणि पोटरीत नाही, मांडीत."

मी चटणी ढवळायची थांबले. "किती?"

"सहासष्टच्या वर."

"पट्टी लावलीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की पट्टीचं मी सोडून दिलं. म्हटलं, "मग सांगून टाक ना त्याला. महिनाभर आहे, मनाची तयारी होईल."

"काय सांगू? उडण्यात तो सगळ्यांच्या पुढे आहे. मास्तर म्हणतात, लढाऊ विमान त्याचंच. आणि मी सांगू, की बाबा, तुझ्या आजीने तुला जास्त शिजवून घातलं?" तिने हाताशी आलेलं चटणीचं फडकं डोळ्यांना लावलं, आणि घळाघळा पाणी. "अगं, हे तिखटाचं फडकं आहे!" असं मी ओरडेपर्यंत उशीर झाला होता. मग आम्ही दोघी नळाखाली डोळे धूत रडलो आणि हसलो.

"बघू त्या दिवशी," ती जाताना म्हणाली. "कदाचित मीच चुकत असेन."

चाळीस वर्षांत मापाच्या बाबतीत तिच्या तोंडून मी 'कदाचित' ऐकलं नव्हतं.

आता माझा गुन्हा सांगते. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी वेनहाव आला, मान वाकवून, 'ईपो' म्हणून. त्याने बराकीत झाडूच्या दांड्यावर खुणा करून स्वतःची मांडी मोजली होती. त्याला कळलेलं होतं. फक्त आजीलाही कळलंय हे त्याला ठाऊक नव्हतं.

"ईपो, तुम्ही स्टेजवर लहान कशा दिसायच्या?"

"मी लहानच आहे रे गाढवा."

"तसं नाही. त्या पोर-राजाच्या भूमिकेत. आमा म्हणते, तुम्ही बसलात की दहा वर्षांच्या वाटायच्या."

मला तिथेच गप्प बसता आलं असतं. पण म्हाताऱ्या नटीला तिच्या भूमिकेविषयी विचारलं की ती गप्प बसते का? मी स्टूल भिंतीला लावलं आणि त्याला कंबर चोरायला शिकवलं. प्रेक्षकांच्या बाजूचा खुबा मागे दाबायचा, पलीकडचा अलगद पुढे सोडायचा. बाजूने पाहणाऱ्याला मांडी दीडेक सेंटिमीटर आखूड दिसते. पुढे आलेल्या गुडघ्यावर हात ठेवायचा, अगदी सहज, जणू हात ठेवायला दुसरी जागा नाही.

त्याने चार वेळा केलं. चौथ्यांदा इतकं सुरेख जमलं की मी टाळी वाजवली. देवा, टाळी वाजवली!

मापाच्या दिवशी मी तिथे नव्हते. पण आगिमने आणि वेनहावने वेगवेगळं मला सांगितलं, आणि एक गोष्ट सोडली तर दोघांचं सांगणं जुळतं.

डॉक्टर प्येन म्हणाले, "आजी, आज दुसऱ्या कोणाला मोजायला सांगू?"

"दुसरं आहे कोण?" आगिम म्हणाली.

उंची झाली, बैठी उंची झाली, हात झाला. मग वेनहाव भिंतीला टेकून बसला, कंबर चोरून. तिने लाकडी ठोकळा सरकवत त्याच्या उजव्या गुडघ्याला लावला आणि पट्टीवर पाहिलं. चौसष्ट पूर्णांक आठ. कारकून पेन्सिल वर धरून थांबलेला. रोज ती आकडा लगेच बोलायची. त्या दिवशी बोलली नाही.

विचार करा. तिला खोटं बोलायचं नव्हतं. ठोकळा जिथे होता तो आकडा वाचायचा होता, बस्स. लबाडी केली असेल तर पोराने. शिकवली असेल तर मी. तिने नुसतं तोंड उघडलं असतं, तर पोराची चौदा वर्षांची हौस पुरी झाली असती.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

ती वाकली आणि त्याच्या कानात म्हणाली, "ही कंबर मी ओळखते. वीस वर्षं मी हिला झगे घातलेत. नीट बस."

तिने त्याच्या डाव्या खुब्यावर हात ठेवला आणि मागे दाबला. ठोकळा सरकला.

"सहासष्ट पूर्णांक दोन," ती मोठ्याने म्हणाली. "सहासष्ट पूर्णांक दोन."

जुळत नाही ते इथे. ती म्हणते, त्यानंतर मी त्याला नेहमीसारखं म्हटलं, हे विमान तुला आखूड पडतं बाळा. तो म्हणतो, नाही, आमा पुढच्या पोराला हाक मारायला वळली आणि तिला नावच वाचता येईना.

सहा आठवडे तो घरी आला नाही. भिंतीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, पण आला नाही. आगिम मात्र माझ्याकडे दुसऱ्याच दिवशी आली. दोन्ही हात गल्ल्यावर आपटले.

"लाज नाही वाटली?"

"वाटतेय," मी म्हटलं.

"टाळी वाजवलीस म्हणे!"

"सांगितलं त्याने?"

"भिंतीवर पाठ घासत सगळं सांगितलं, मापाच्या खोलीबाहेर. वर म्हणतो, ईपोला तरी माझी कदर आहे. मग माझ्याही तोंडून निसटलं, की विजार पाहून मला नव्या वर्षालाच कळलं होतं." ती खाली बसली. आवाज उतरला. "गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक विजार आली होती दुरुस्तीला, दुसऱ्या कुठल्याशा तळावरून. दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. पोरगा वाचला, छत्रीने खाली आला. काठी घेऊन चालतो आता. मी तिथे ठिगळं लावलीत, राजपुत्रा. माझ्या हातांनी."

मी तिला आमच्या तळघरातली तीन वर्षं मुरलेली बरणी दिली. तिने ती घेतली. त्यावरून मी ओळखलं की मला माफी आहे.

वेनहावला मालवाहू विमान मिळालं, चार पंख्यांचं, पिंगतुंगच्या तळावर. ही बातमी कागदावर आली, त्याच्या तोंडून नाही.

मग थडगी साफ करायचा सण आला. त्या दिवशी कोणी कितीही रागावलेलं असो, घरच्या थडग्याशी येतंच. मीही गेले, आफोंग माझा विदूषक होता. वेनहाव आधीच येऊन गवत उपटत होता. आमच्याकडे पाहिलं नाही. आगिमने उदबत्त्या लावल्या, आणि नवऱ्याशी नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या टेकडीला ऐकू जाईल अशा आवाजात, बोलायला लागली.

"आफोंग, हा तुझा नातू. माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे. तो तुझ्यासारखा राहू नये म्हणून मी त्याला अकरा कोंबडे घातले. सगळ्यांनी सांगितलं पुरे, मी ऐकलं नाही. आता तो त्याच्या विमानात मावत नाही. हे मी केलंय. त्याला सांगायचं धाडस नाही म्हणून तुला सांगते."

गवत उपटणं थांबलं.

"आमा," वेनहाव म्हणाला, "तू यासाठी रडतेयस? कोंबड्यांसाठी?"

"मग कशासाठी रडू?"

"मला वाटलं... मला मोजलंस म्हणून वाईट वाटतंय तुला."

"मोजल्याचं कशाला वाईट वाटेल? माप बरोबर होतं."

तो मातीचे हात झाडत उभा राहिला. टेकडीवर त्याच्याएवढं उंच झाडसुद्धा नव्हतं. "मला मापाचा राग नव्हता गं. बराकीतच कळलं होतं मला. तुला नव्या वर्षापासून ठाऊक होतं आणि तू बोलली नाहीस. येईल त्या पोराला तू तोंडावर सांगतेस, आणि मला नाही?"

आगिमने कलंडलेली उदबत्ती सरळ केली. मग म्हणाली, "तू येईल तो पोरगा नाहीस ना."

"असतो तर बरं झालं असतं. रागवायला सोपं गेलं असतं."

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून नाटकातही ऐकलं नव्हतं, कारण ती नाटकात नव्हतीच.

त्याने उरलेलं गवत उपटलं. मग पाठ वळवूनच विचारलं, "सहा घातले असतेस तर?"

"काय सहा?"

"कोंबडे. सहा घातले असतेस तर बरोबर मावलो असतो."

"आठ," मी म्हटलं. "सहाने बुटका राहिला असतास."

"ईपो, तुम्ही मध्ये बोलू नका. तुमच्याशी अजून मी बोलत नाहीये."

पण तो हसत होता. थडग्यापाशी बसून आम्ही तिघांनी आफोंगसाठी आणलेल्या पोळीच्या गुंडाळ्या खाल्ल्या, आणि चार आफोंगसाठी ठेवल्या.

शरद ऋतूत पिंगतुंगच्या तळावर घरच्या माणसांना बोलावलं होतं. आगिमने भातभरल्या पानांच्या पुड्या केल्या, एकूण तीस. "लढाऊ विमानात असता तर एक पुडी पुरली असती," ती बसमध्ये कुरकुरली, आणि टोपली मांडीवर घट्ट धरून बसली.

विमानाच्या मागच्या उतारावरून आम्ही त्याच्या पोटात चढलो. आत एखाद्या नाट्यगृहाएवढी जागा. पुढून वेनहाव आला. आला तो ताठ उभा, मान वर, हात सुटे. त्या पोराला कुठल्याही छपराखाली असं चालताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या दुकानात नाही, तिच्या दोन खोल्यांत नाही.

"इथे वाकावं लागत नाही, आमा," तो म्हणाला.

आगिमने वर पाहिलं, त्याच्या डोक्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वर पाहिलं. मग टोपली त्याच्या हातात दिली.

"आणि ते टोकदार नाकाचं?" मी विचारलं. मला गप्प बसता येत नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे.

"आठवण येते, ईपो. सकाळी ती वर गेली की मान आपोआप वळते. मग कोणीतरी चहाला हाक मारतं. आम्ही पाच जण असतो. गेल्या आठवड्यात बेटावर तांदूळ उतरवले आणि येताना एका आजारी मास्तरीणबाईंना आणलं. त्या सगळ्या वाटेने माझं व्याकरण सुधारत होत्या."

पुढे चालकाच्या जागी त्याचे कप्तान खोंग बसले होते. पन्नाशीचे, आणि इतके बुटके की उठले तरी बसल्यासारखेच वाटले. त्यांचे पाय खालच्या दांड्यांपर्यंत पोचावेत म्हणून पाठीमागे एक जाड उशी होती. वेनहाव शेजारच्या खुर्चीत बसला. त्या दोघांना असं शेजारी पाहून मला हसू आवरेना. आगिम हसली नाही. ती उशीकडे पाहत होती.

"ही कोणी शिवली?"

"माझ्या बायकोने," कप्तान म्हणाले.

"चांगली आहे. पण एका बाजूने बसलीय. तुम्ही डावीकडे झुकता." तिने वाकून उशी त्यांच्या पाठीमागून ओढून काढली, दाबून पाहिली, शिवण उलटी केली. "कापूस सरकलाय. शिवाय दोन बोटं जाड हवी. मी नीट करून देते."

"आजी, मला उद्या सकाळी उडायचंय."

"किती वाजता?"

"आठला."

"सातला आणून देते," आगिम म्हणाली आणि उशी काखेत मारून उताराकडे निघाली. मागून कप्तान आपल्या उपचालकाला विचारत होते, ही खरंच येईल का? आणि माझा लंबूटांग पुडी सोलत म्हणत होता, "साहेब, सहाला तयार राहा. ती लवकर येते."